पावसाळ्यात आरसीसीबी सारखा पडतोय? इस्त्रीला दोष देण्याआधी जमिनीत बघा

आधी लक्षणं सांगतो. तुमची जुळत असतील तरच पुढे वाचा.

एप्रिल-मेमध्ये काही त्रास नाही. जूनमध्ये चार सरी जोरात झाल्या की डीबीमधला (खटक्यांच्या पेटीतला) रुंद खटका, म्हणजे गळती पकडणारा आरसीसीबी, पडायला लागतो. बहुतेक वेळा संध्याकाळी. पंखा आणि ट्यूब चालू असताना निवांत असतो, इस्त्री किंवा मिक्सर लावला की खाडकन खाली. एकेक एमसीबी (एकेका सर्किटचा छोटा खटका) पाडून बघितली तरी दोषी सापडत नाही, कारण सगळ्या एमसीबी पाडल्या तरी हा अधूनमधून पडतोच. गणपती होऊन गेले, ऊन पडलं की आपोआप बरं वाटतं. ते पुढच्या जूनपर्यंत.

नारायण पेठेत आमच्या काकूंकडे हे चार पावसाळे चाललं. वाडा जुना, दुमजली, कडीपाटाचा. काकू वर राहतात, खाली भाडेकरू. पहिल्या पावसाळ्यात कोपऱ्यावरच्या वायरमनने आरसीसीबी बदलला. नवा दोन दिवस टिकला आणि पडू लागला. दुसऱ्या पावसाळ्यात काकूंनी स्वतःच इस्त्रीवर संशय घेऊन ती भंगारात दिली. नव्या इस्त्रीनेही तेच केलं, तीही गेली. तिसऱ्या वर्षी दुसरा एक वायरमन म्हणाला, "काकू, हा खटकाच काढून टाकतो, डायरेक्ट जोडतो. कटकटच नको." तेव्हा मात्र काकूंनी मला फोन केला.

कारखान्याच्या मेंटेनन्समध्ये माझं आयुष्य गेलं, सुपरवायझरचा परवाना आहे. त्या तोऱ्यात मी पुढच्या मे महिन्यात मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) घेऊन गेलो, सगळी सर्किटं तपासली आणि वायरिंग ठणठणीत असल्याचा निर्वाळा देऊन, पन्हं पिऊन परत आलो. जूनच्या अखेरीस पुन्हा फोन. "तुझ्या त्या मेगरला आधी पाऊस दाखव," काकू म्हणाल्या. त्यांचं बरोबर होतं. ओल आल्यावर होणारा बिघाड कोरड्या दिवशी शोधायला गेलो, ही माझी चूक. ती तुम्ही करू नका.

खटका काढून टाकण्याबद्दल

हे आधीच उरकतो. एमसीबी शॉर्ट सर्किट आणि जादा भार बघते. १६ अँपियरच्या एमसीबीच्या लेखी माणसाच्या अंगातून जाणारे ३० मिलिअँपियर म्हणजे काहीच नाही, आणि तेवढे माणूस मरायला पुरू शकतात. ती गळती फक्त आरसीसीबीला दिसते. तो काढला तर बिघाड जागेवरच राहतो, फक्त ओरडणारा गप्प होतो. "३० चा सारखा पडतो ना, मग ३०० चा बसवा" हा सल्लाही मी ऐकलाय. ३०० मिलिअँपियरचा खटका आगीपासून राखण करायला असतो, माणसाला वाचवायला नाही. असा सल्ला देणाऱ्याला चहा पाजा आणि निरोप द्या.

इस्त्री निर्दोष कशी

आरसीसीबी म्हणजे तराजू. फेजमधून जितका करंट गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला तर काटा मध्ये. कमी आला तर राहिलेला कुठून तरी जमिनीत गेला, म्हणून खटका पडतो. ३० चा खटका १५ ते ३० मिलिअँपियरच्या दरम्यान कुठेही पडू शकतो, तो त्याचा दोष नाही.

गळती म्हटली की लोकांच्या डोळ्यांसमोर फेज येते. पण वायर फरशीखाली कुठे सोलली गेली असेल तर न्यूट्रलही अर्थला (जमिनीला) टेकू शकते, आणि जुन्या घरांत हा प्रकार वाटतो त्यापेक्षा बराच आढळतो. अशी न्यूट्रल आरसीसीबीच्या पुढे अर्थला टेकली की परत येणाऱ्या करंटला दोन वाटा मिळतात. बराचसा नेहमीच्या वाटेने येतो, थोडा जमिनीतून. नुसता पंखा चालू असेल तर तो 'थोडा' इतका कमी असतो की तराजूला कळत नाही. हजार वॉटची इस्त्री चार अँपियरच्या वर ओढते. त्यातल्या शंभराव्या हिश्श्याने वाट बदलली तरी ४० मिलिअँपियर झाले. खटका पडणारच. म्हणजे इस्त्रीने फक्त वाहतूक वाढवली, रस्ता दुसरीकडेच खचला होता.

संध्याकाळचंही उत्तर यातच आहे. सात वाजता वाड्यात, गल्लीत सगळ्यांचे दिवे, टीव्ही, शेगड्या चालू होतात. न्यूट्रलवर भार आला की तिचा व्होल्टेज जमिनीच्या तुलनेत दोन-चार व्होल्टने उचलला जातो. तुमच्या घरात काहीही चालू नसलं तरी तेवढ्या दाबाने तुमच्या सोललेल्या न्यूट्रलमधून जमिनीत करंट जातो. पावसाने अर्थिंगच्या खड्ड्याभोवतीची माती ओली झालेली असते, तिचा विरोध कमी होतो आणि वाट आणखी सोपी होते. म्हणून जुलै, म्हणून संध्याकाळ.

एमसीबी पाडून दोषी का सापडत नाही तेही बघा. घरातली साधी सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडते. न्यूट्रल डीबीमधल्या पितळी पट्टीवर सगळ्यांबरोबर जोडलेलीच राहते. तुम्ही एमसीबी पाडलीत, फेज सुटली, पण सोललेली न्यूट्रल होती तिथेच आहे. असा दोष एमसीबीच्या खेळात कधीच हाती लागत नाही.

शोधायचं कसं

इथून पुढचं काम परवानाधारक वायरमन किंवा सुपरवायझरकडूनच करून घ्या. डीबी उघडली की मेन बंद असला तरी मीटरकडून येणाऱ्या तारा जिवंत असतात. तुम्ही शेजारी उभे राहा आणि तो खालच्यापैकी काय काय करतोय ते बघा. न करता "मॅडम, आरसीसीबी खराब आहे" म्हणाला, तर समजून घ्या.

दिवस पावसाचा निवडायचा. कोरड्या दिवशी करावंच लागलं तर मेन बंद करून, संशयित भागाच्या फरशीवर ओलं पोतं तासभर टाकून ठेवायचं. सगळी उपकरणं प्लगमधून बाहेर. फ्रिजचा आणि इन्व्हर्टरचा हमखास विसर पडतो. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि एलईडी दिवे सर्किटपासून वेगळे करायचे, कारण मेगर ५०० व्होल्ट डीसी सोडतो आणि त्यात ते जातात.

मग न्यूट्रलच्या पट्टीवरून एकेक काळी तार सोडवायची. सोडवतानाच तिला चिकटपट्टी लावून ती कोणत्या एमसीबीची ते लिहायचं. काकूंच्या डीबीत अकरा काळ्या तारा होत्या आणि सातच एमसीबी, तेव्हा लिहिण्याचं महत्त्व सांगायला नको. प्रत्येक न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मेगर लावायचा. १ मेगओहमच्या वर असेल तर चालेल, चांगल्या वायरिंगमध्ये तो त्याच्याही कितीतरी वर जातो. शून्याकडे झुकला तर गुन्हेगार तिथे आहे. फेज आणि अर्थ यांच्यातही हेच करायचं. हिशेब म्हणून सांगतो, २३० व्होल्टवर ३० मिलिअँपियर गळायला फेजचा विरोध ७,७०० ओहमच्या आसपास यावा लागतो. म्हणजे इन्सुलेशन मेगओहमवरून काही हजारांवर आल्याशिवाय फेजच्या गळतीने खटका पडत नाही. न्यूट्रलवर दाब दोन-चार व्होल्टचाच, म्हणून तिचा विरोध त्याहून खूप खाली, शंभरएक ओहमपर्यंत उतरावा लागतो.

आमच्याकडे दहा न्यूट्रल स्वच्छ निघाल्या. अकरावी, पुढच्या खोलीतल्या खिडकीखालच्या प्लगची. मेगरचा काटा शून्याला चिकटला. याच तारेने मे महिन्यात मला फसवलं होतं.

सर्किट कळलं, जागा नाही. त्यासाठी वायर मधेच जिथे बॉक्समध्ये उघडते तिथे ती सुटी करायची आणि दोन्ही अर्ध्या वेगवेगळ्या मोजायच्या. खराब निघेल तिची पुन्हा अर्धी. पण काकूंच्या या सर्किटला मधे बॉक्सच नव्हता. वायर डीबीकडून भिंतीत शिरत होती आणि थेट खिडकीखाली बाहेर पडत होती. मधले बारा फूट कुठून गेली ते कुणालाच माहीत नव्हतं. काकू तेवढ्यात म्हणाल्या, "मोरी धुतली की तासाभराने पडतो, हे मी कधीची सांगतेय." सांगत होत्या, खरं आहे. ऐकत कुणी नव्हतं. मीसुद्धा.

जमिनीत काय सापडलं

कडीपाट न पाहिलेल्यांसाठी दोन ओळी. भिंतीपासून तुळईपर्यंत लाकडी कड्या टाकलेल्या असतात, दीड-दोन फुटांवर एक. त्यांच्यावर आडवे पाट, त्यावर विटा-माती-चुन्याचा थर, आणि वर पूर्वी सारवण किंवा शहाबादी फरशी. खालच्या माणसाला कड्या दिसतात, वरच्याला फरशी. मधला मातीचा थर ओल धरून ठेवतो आणि उंदरांना तो आवडतो.

काकूंनी बारा-तेरा वर्षांपूर्वी शहाबादी काढून टाइल्स बसवल्या होत्या. त्या वेळी कुणीतरी खिडकीखाली प्लग हवा म्हणून वायर भिंतीवरून न फिरवता खोलीच्या मधून, टाइल्सच्या खालच्या सिमेंट-वाळूत, पाईपशिवाय तशीच टाकली. मोरीच्या उंबऱ्यापासून फूटभरावर वायर कमी पडली असावी. तिथे पिळून जोड मारला, वर काळी चिकटपट्टी, वर टाइल. तीन टाइल उचलल्यावर जोड दिसला. चिकटपट्टीचं नुसतं चिकट राळेसारखं काहीतरी उरलं होतं आणि तांब्यावर हिरवट बुरा चढला होता. फेजचा जोड योगायोगाने जरा वर, कोरड्या बाजूला होता. न्यूट्रलचा ओल्यात. उलटं असतं तर मोरीत पाय ठेवणाऱ्याचं काय झालं असतं, यावर त्या दिवशी आम्ही कुणी बोललो नाही.

आणखी एक गोष्ट दिसली, जी खटका पडण्याशी संबंधित नव्हती पण मला जास्त घाबरवून गेली. भिंतीजवळ वायर पाटांखाली उतरत होती आणि एका कडीला वरून खाच पाडून तीत बसवली होती. वरचा पाट खिळ्यांनी ठोकलेला. खिळ्याचं टोक आणि वायर यांच्यात बोटाचं नखही शिरलं नसतं. त्यातून खाच पाडल्याने कडीची उंची तिथे तेवढीच कमी झालेली. वायरसाठी कडीला वरून खाच पाडणं हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात वाईट मार्ग. वायर खिळ्यांच्या थेट वाटेत येते आणि लाकूडही दुबळं होतं.

नवीन रस्ता

माझा पहिला प्रस्ताव भिंतीवरून केसिंग पट्टीचा (वायर आत घेणारी पोकळ पट्टी) होता, आणि शक्य असेल तिथे तोच करा. दिसायला बरी नसेल, पण दिसते हाच तिचा गुण आहे. दोन खोल्यांत तेच केलं. पुढच्या खोलीत मात्र भिंतीत दोन दारं आणि देवघर. देवघराच्या डोक्यावरून पट्टी न्यायला काकूंनी साफ नकार दिला. मग कड्यांमधून जाणं आलं.

इथे आमच्या मदतीला तपकीर गल्लीत दुकानदारी करून निवृत्त झालेले एक जुने वायरमन काका आले. बॅटन फिटिंगच्या काळातले, वाड्यांत हात मुरलेले. त्यांचा पहिला प्रश्न: "कड्यांच्या बाजूने जाता येतंय का?" कड्यांना समांतर जायचं असेल तर भोक पाडायचंच नाही, कडीच्या अंगाला, मध्यावर, क्लिपांनी पाईप धरायचा. आम्हाला चार कड्या ओलांडाव्याच लागणार होत्या.

कडीला भोक कुठे पाडावं याचे आपल्याकडे कुणी आकडे सांगत नाही, मेस्त्री अंदाजाने पाडतो. ब्रिटनमध्ये लाकडी जमिनींची घरं आजही सर्रास आहेत, तिथे हे ठरलेलं आहे आणि त्यामागचं शास्त्र नारायण पेठेतही बदलत नाही. वजन आलं की कडीची वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते, मधली रेघ जवळपास आरामात असते. म्हणून भोक उंचीच्या बरोबर मध्ये. भोकाचा व्यास कडीच्या उंचीच्या पाव भागाहून जास्त नको. आधारापासून अंतर एकूण लांबीच्या पाव ते चार-दशांश या पट्ट्यात. आणि वरच्या-खालच्या पृष्ठभागापासून वायर किमान ५० मिलिमीटर आत, म्हणजे खिळा पोहोचत नाही.

काकूंच्या कड्या सहा इंची, १५० मिलिमीटर. पाव म्हणजे ३७. आम्ही २८ चं भोक घेतलं, वर-खाली ६१-६१ मिलिमीटर लाकूड शिल्लक. खण (भिंत ते तुळई अंतर) दहा फुटांचा, म्हणजे भिंतीपासून अडीच ते चार फुटांचा पट्टा. आम्ही चारही भोकं तीन फुटांवर, एका दोरीत पाडली. जुनं सागवान ड्रिलला सहज दाद देत नाही. बिट तापून धूर येतो, थांबून थांबून पाडावं लागतं. कड्यांना वाळवी, तडा किंवा वाक असेल तर ड्रिल पिशवीतच ठेवा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. वाड्याला महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस आली असेल तर वायर हा तुमचा पहिला प्रश्नच नाही.

कड्यांमध्ये साध्या पीव्हीसी पाईपऐवजी पीव्हीसी वेष्टनाचा लोखंडी फ्लेक्झिबल पाईप घेतला. दोन कारणं. उंदीर पीव्हीसी कुरतडतात, आणि दोन कड्यांच्या मधल्या जागेत सरळ कडक पाईप भोकांतून ओवताच येत नाही, वळायला जागा नसते. लोखंडी पाईपला अर्थ हवाच. पण फ्लेक्झिबल पाईपच्या धातूच्या वेढ्यांवर अर्थसाठी विसंबायचं नाही, आतून हिरवी तार वेगळी न्यायची. आत २.५ चौरस मिलिमीटरच्या तीन तारा, सलग, एकही जोड न करता. पाईपच्या आतली जागा साधारण ४० टक्क्यांहून जास्त भरायची नाही, नाहीतर वायर ओढताना सोलते आणि पुढे बदलायची वेळ आली की अडकते.

वायरमन काकांचा सगळा आग्रह या 'बदलायची वेळ' वर होता. दोन्ही टोकांना बॉक्स, मधे कोन शक्य तितके कमी, आणि काम झाल्यावर एक तार ओढून बाहेर काढून पुन्हा घालून दाखवली. "निघत नसेल तर ती वायरिंग नाही, पुरलेली तार आहे," म्हणाले. जमिनीतलं सगळं काम मी आता याच एका कसोटीवर तपासतो.

पाईप जमीन दोनदा ओलांडतो, डीबीजवळ खाली आणि खिडकीजवळ वर. दोन्हीकडे फरशीतून कडक पाईपची नळी बसवली आणि ती फरशीच्या वर सहा इंच ठेवली. पुसण्याचं पाणी पाईपमधून खाली उतरत नाही. पाईपभोवतीची फट अग्निरोधक सीलंटने भरली. हे अनेकजण सोडून देतात. कडीपाटात खाली आग लागली तर अशी उघडी फट धुराड्याचं काम करते आणि आग वरच्या मजल्यावर नेते.

खालच्या भाडेकरूंची परवानगी मात्र पहिल्याच दिवशी घेतली होती. आपली जमीन म्हणजे त्यांचं छत. काम झाल्यावर काकूंनी त्यांच्या छताला, पाईपच्या शेजारी, स्वतःच्या हाताने पाटी लावली: 'येथून विजेची वायर गेली आहे. पंख्याचा हूक मारण्यापूर्वी वर येऊन विचारावे. दुपारी १ ते ४ विचारू नये.'

फ्लॅटमध्ये राहात असाल तर

तुमच्याकडे कड्या नाहीत, स्लॅब आहे, पण खटका पडण्याची गोष्ट तीच. फक्त जागा वेगळ्या.

पहिली जागा म्हणजे दाराचा स्टॉपर. कोथरूडला एका मित्राकडे महिनाभर शोधून शेवटी बेडरूमच्या दारामागचा चुंबकी स्टॉपर सापडला. तो बसवताना स्क्रू टाइलखालच्या पाईपमधून आरपार गेला होता. फरशीत भोक पडलंय अशी प्रत्येक जागा आठवा: स्टॉपर, सरकत्या दाराचा ट्रॅक, किचन ट्रॉलीचे पाय, जिमचं बार. खटका पडायला लागला त्याच्या आधीच्या काही महिन्यांत यातलं काय बसवलं, हा प्रश्न मेगरच्या आधी विचारा. आमच्या मित्राने विचारलं असतं तर महिना वाचला असता.

वरच्या मजल्यावर असाल आणि पंख्याच्या कपातून पाणी टपकत असेल, तर गच्चीची ओल स्लॅबमधल्या पाईपमध्ये शिरलीय. तो पाईप तिथून थेट पुढच्या बॉक्सपर्यंत पाणी वाहून नेतो. नवीन वायर ओढून उपयोग नाही, आधी गच्चीचं वॉटरप्रूफिंग. तोवर त्या सर्किटची फेज आणि न्यूट्रल दोन्ही डीबीतून काढून ठेवायला सांगा.

बाथरूमचा स्लॅब खाली असतो, त्यावर भराव असतो आणि भरावात कधी ना कधी पाणी साठतंच. तिथून वायर नकोच. टाइलखालून न्यायची असेल तर भिंतीला समांतर, कडेने, जाड पाईपमधून न्या, आणि टाइल बसवण्याआधी मोबाईलवर फोटो काढा, मोजपट्टी फोटोत दिसेल असा. तिरपी वायर टाकली की पुढच्या ड्रिलवाल्याला ती कुठे असेल याचा अंदाज येत नाही. इंटरनेटची केबल त्याच पाईपमध्ये कोंबू नका.

स्लॅबमधला पाईप तुंबला म्हणून कुणी स्लॅबला खालून झिरी मारू लागला तर हात धरा. सळईवरचं काँक्रीटचं आवरण साधारण २० मिलिमीटर असतं, पाईपही २० मिलिमीटरचा. म्हणजे पाईप बसेल एवढी झिरी सळईपर्यंत जाणारच. नव्या उंच इमारतींत काही ठिकाणी स्लॅबमध्ये ताणलेल्या पोलादी केबल असतात, तिथे एका चुकीच्या कटने वायरपेक्षा फार मोठं काहीतरी तुटतं. आरपार भोक हवंच असेल तर सोसायटीची आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरची लेखी परवानगी, आणि मग कोअर कटिंग. एका प्लगसाठी इतका खटाटोप का, असं वाटलं तर बरोबर वाटतंय. केसिंग पट्टी लावा.

काम संपल्यावर पुन्हा मेगर. फरशी ओली करून. डीबीच्या दाराला आतून कागद चिकटवा, कोणती न्यूट्रल कोणत्या एमसीबीची आणि वायर कुठून गेली याचं हाताने काढलेलं चित्र. आरसीसीबीवरचं 'टी' बटण महिन्या-दोन महिन्यांतून दाबा. पडला पाहिजे. नाही पडला तर तो नुसता शोभेचा आहे.

काकूंकडे काम मागच्या दिवाळीआधी झालं. यंदा जून कोरडा गेला, जुलैच्या मध्यावर पेठेत चार दिवस संततधार. पाचव्या दिवशी सकाळी साडेसहाला फोन वाजला. "पडला रे."

छत्री घेऊन गेलो. या वेळी एकेक एमसीबी पाडत गेलो आणि तिसऱ्यालाच सापडलं. गीझरचा एलिमेंट फुटला होता, फेज सरळ पाण्यात. एमसीबी पाडली की खटका उभा राहत होता. म्हणजे जमीन कोरडी होती आणि आरसीसीबी त्याचं काम करत होता. काकूंना हे सगळं समजावून सांगितलं, न्यूट्रल, फेज, तराजू. त्यांनी शांतपणे ऐकलं, चहा पुढे सरकवला.

"म्हणजे इस्त्रीचा दोष नव्हताच?"

"नव्हता, काकू."

"मग माझ्या दोन इस्त्र्या भंगारात गेल्या, त्यांचं काय?"